पोरगं घड्याळ बघत नाही

या खेपेला पत्रं आणि मेसेज मिळून जो गठ्ठा आला त्यातनं चार जणांचा विषय एकच निघाला, घड्याळ. आता सांगली-साताऱ्यात बसून घड्याळाचा काय त्रास असं वाटेल, आपलं घड्याळ बारा महिने जागचं हलत नाही, पण आपली पोरं-नातवंडं इंग्लंड-अमेरिकेत पांगलीत तिथलं वर्षातनं दोनदा तासभर मागं-पुढं हलतं आणि त्याची कळ पार इथंपर्यंत येते. म्हणून हे पान सगळं त्यालाच दिलंय, शी-शूचे प्रश्न पुढच्या अंकात, ज्यांनी विचारलेत त्यांनी रागावू नका.

प्रश्न: ताई, मी साताऱ्याची, माहेर-सासर दोन्ही तिथलंच, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. मुलगा सव्वादोन वर्षांचा. रात्री साडेसातला झोपतो, सहाला उठतो, दुपारी दीड तास झोपतो, एकदम गुणी. पण गेल्या वर्षी ऑक्टोबरात इथलं घड्याळ एक तास मागं केलं आणि तो पाचला उठायला लागला, मग पावणेपाचला, दोन आठवडे आम्ही दोघं पाळ्या लावून जागत होतो, नवरा ऑफिसात झोपला एकदा. यंदा २५ ऑक्टोबरला परत तेच आहे आणि मला आत्तापासून धडकी भरलीय. मैत्रीण म्हणते शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागव म्हणजे सकाळी उशिरा उठेल. सासूबाई साताऱ्याहून फोनवर सांगतात की दृष्ट काढ आणि जायफळ उगाळून चाटव. काय करू?

उत्तर: अगं, तुझं वाचलं आणि मला माझं तिकडचं स्वयंपाकघर आठवलं. मी पण चार वर्षं तिकडं काढलीत, मुलगा तेव्हा दीड वर्षाचा, आणि हे घड्याळ मागं-पुढं करायचं प्रकरण आम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मोबाईल आपोआप बदलतो, पण ओट्याच्या वर आईनं सांगलीहून दिलेलं घड्याळ टांगलेलं, त्याला कोण सांगणार. रविवार घरातच लोळण्यात गेला, सोमवारी त्या घड्याळात बघून पोराला टोपी मोजे जॅकेट सगळ्यात कोंबलं आणि पाळणाघर गाठलं तर दार बंद, आत अंधार, फुटपाथवर मी आणि पोरगं. एक तास आधी. घरी परत जाऊन यायचं तर तेवढाच वेळ लागणार, म्हणून तिथंच बसस्टॉपवर बसलो, त्याला दोन केळी चारली, आणि माझ्या पर्समध्ये भडंगाचं पाकीट होतं ते मी एकटीनं संपवलं. नाक गळतंय, पोरगं "आत, आत" म्हणून दार दाखवतंय, चिडायचं कुणावर तेच कळेना.

पण त्या आठवड्यात एक कळलं ते सांगते. या वयाच्या पोराला सहा वाजले, साडेसात वाजले म्हणजे काय हे माहीतच नसतं. त्याला उजेड कळतो, भूक कळते, आणि क्रम कळतो, म्हणजे जेवण झालं, मग आंघोळ, मग मोठा दिवा बंद, मग गोष्ट, मग पांघरूण. संध्याकाळी उजेड कमी झाला की मेंदूतनं मेलाटोनिन सुटायला लागतं, ते झोपेची वर्दी देतं, आणि सकाळचा उजेड डोळ्यात गेला की ते थांबतं. सरकारनं काटा फिरवला म्हणून हे एका रात्रीत फिरत नाही. त्यामुळं जे त्याला कळतं तेच थोडंथोडं सरकवायचं, काटा आपला आपण बघू.

तुझ्यापुरतं तारखेनिशीच सांगते. २५ चा रविवार आहे ना, तर बुधवारपासून सुरू कर. बुधवारी २१ ला पावणेआठला झोपव, गुरुवारी आठला, शुक्रवारी सव्वाआठ, शनिवारी साडेआठ. शनिवारी मध्यरात्र उलटून दोन वाजले की तिकडचं घड्याळ परत एकवर येणार, म्हणजे रविवारी संध्याकाळी नव्या घड्याळात साडेसात वाजतील तेव्हा त्याच्या शरीराच्या हिशेबानं जुने साडेआठच झालेले असतील आणि तिथं तर तू त्याला आणून ठेवलेलंच असशील. पण नुसती रात्रीची झोप सरकवून भागत नाही बरं का, दुपारचं जेवण, दुपारची झोप, संध्याकाळचं खाणं, आंघोळ, सगळी वरात रोज पंधरा पंधरा मिनिटांनी पुढं जाऊ दे. मी पुढच्या वर्षी फक्त रात्रीचं सरकवलं आणि पोरगं वरणभातात डोकं घालून झोपलं, म्हणजे अक्षरशः, गालाला भात. पाळणाघरात दुपारचं त्यांच्याच वेळेनं होणार असेल तर तेवढं सोड, बाकीचं कर, आणि त्यांना एकदा सांगून ठेव की या आठवड्यात असं चाललंय.

मैत्रिणीचं शनिवारचं जागरण अजिबात नको. दमलं की जास्त झोपेल हा आपला मोठ्या माणसांचा हिशेब, लग्नघरातनं आलेल्या माणसाचा. दोन वर्षांचं पोरगं अति दमलं की उलटं होतं, झोपायला त्रास देतं, रात्री दोनदा उठतं आणि पहाटे नेहमीपेक्षा आधी टक्क जागं. दुपारची झोप बंद करून रात्री गाढ झोपवायचा विचार असेल तर तो पण सोड, एक ते दोन वर्षांच्या पोराला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन वर्षांपासून १० ते १३, तुझ्याचं सगळं मिळून बारा तास होतंय म्हणजे तो अगदी मापात आहे, त्यातलं काढू नको.

आता एवढं करूनही सोमवारी पाचला उठलाच तर. इथं खरी परीक्षा असते आणि इथंच आपण माती खातो. तिकडं ऑक्टोबरअखेरीला नवीन घड्याळानं पावणेसातच्या सुमाराला उजाडतं, म्हणजे पाचला खोलीत काळोख असणार, हा तुझा फायदा आहे, तो घालवू नको. दिवा लावायचा नाही, बाहेरच्या खोलीत न्यायचं नाही, दूध लगेच नाही, पाणी दे, कुशीत घे, कंटाळवाणी आई हो. "अजून रात्र आहे" एवढंच एका सुरात. पहिल्या दिवशी दहा मिनिटं थांबव, दुसऱ्या दिवशी वीस, असं करत सहापर्यंत ने. आम्ही काय केलं माहितीय, पाचला उठला की नवरा त्याला सोफ्यावर घेऊन मोबाईलवर ट्रॅक्टर लावून द्यायचा म्हणजे मला झोपता येईल, चांगल्या मनानं करत होता बिचारा, पण चार दिवसांत पोराला कळलं की पाच वाजता उठलं की ट्रॅक्टर मिळतो. मग कशाला झोपेल तो? तुझं गेल्या वर्षी दोन आठवडे लांबलं त्यात असं काहीतरी असणार असा माझा अंदाज, नवऱ्याला विचार.

संध्याकाळी याच्या उलट. घड्याळ मागं गेलं की तिकडं एकदम पावणेपाचला सूर्य मावळतो, आपल्याकडं पोरं शाळेतनं येऊन मैदानात उतरतात त्या वेळेला तिकडं मिट्ट काळोख, आणि पोरगं पाचलाच पेंगायला लागतं. तेव्हा दुपारी उजेड असेतोवर बाहेर काढ, थंडी असली तरी, तळ्यावर बदकं दाखव, डबक्यात उड्या मारू दे, आणि घरी आल्यावर साडेसहापर्यंत सगळे दिवे लख्ख लाव. बिलाचा विचार आठवडाभर करू नको. पाच-सहा दिवसांत, फार तर आठवड्यात बसतं सगळं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी हेच उलट दिशेनं, तेव्हा काटा पुढं जातो, म्हणून आधीच्या चार दिवसांत पंधरा पंधरा मिनिटं अलीकडं झोपवायचं आणि सकाळी पडदे सताड उघडायचे. मला विचारशील तर मार्च सोपा, सकाळी उशिरा उठतं पोरगं आणि कुणाची तक्रार नसते. पण मे-जूनमध्ये तिकडं रात्री नऊला ढळढळीत उजेड असतो आणि पहाटे पाचच्या आतच उजाडतं, तेव्हा जाड काळा पडदा लागतोच. नसेल तर गडद रंगाची चादर खिडकीला चिकटपट्टीनं लाव, आम्ही चारी वर्षं तेच केलं, घरमालकाला कळलं नाही.

सासूबाईंचं. दृष्ट काढायला माझी काही हरकत नाही, मीठ-मोहऱ्या ओवाळायला पाच मिनिटं लागतात, पोरगं गप बसून बघतं, आणि साताऱ्याला फोनवर खरं सांगता येतं की काढली. जायफळ मात्र नाही. आपल्याकडं घुटीत एखादा वेढा द्यायची रीत आहे हे मला माहितीय, माझ्या आजीनं मला दिलंय, पण झोप येण्यासाठी म्हणून जेव्हा देतात तेव्हा एक वेढ्याचे चार कधी होतात कळत नाही, आणि जायफळ जास्त झालं तर ते विषारी आहे, छाती धडधडते, उलट्या होतात, पोरगं झिंगल्यासारखं करतं. पूर्वी रोजगारावर जाणाऱ्या बायका पोराला अफूची बारीक गोळी देऊन झोपवायच्या, तेही कुणाला वावगं वाटत नव्हतं. खोकल्याचं औषध देऊन झोपवणं, मेलाटोनिनच्या गोड गोळ्या मिळतात त्या आपल्या मनानं देणं, हे सगळं त्याच जातीचं, डॉक्टरनं तपासून सांगितल्याशिवाय नाही म्हणजे नाही. सासूबाईंना सांग जायफळ श्रीखंडात घालते.

प्रश्न: तासगावहून एका द्राक्षबागायतदार वाचकानं दोन ओळी पाठवल्यात. पुतण्या जर्मनीत आहे, तो सांगतो वर्षातनं दोनदा घड्याळ फिरवतात. हे कुणी काढलं आणि आपल्याकडं का नाही?

उत्तर: काढलं तुमच्या पुतण्याच्याच देशानं, म्हणजे कल्पना आधी बऱ्याच जणांनी मांडली होती पण देशभर अंमल पहिल्यांदा जर्मनीनं ३० एप्रिल १९१६ ला केला, पहिलं महायुद्ध चालू होतं आणि दिव्याला लागणारा कोळसा वाचवायचा होता, तीनेक आठवड्यांत इंग्लंडनंही केलं. युरोपच्या संसदेनं २०१९ मध्ये हे बंद करावं म्हणून मतदान केलं पण प्रत्यक्षात अजून चालूच आहे. आपल्याकडंही झालं होतं, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ हिंदुस्थानचं घड्याळ तासभर पुढं होतं. आणि मुंबईचं तर वेगळंच, देशाची वेळ ठरली तरी मुंबईकर आपली ३९ मिनिटं मागची मुंबई टाईम १९५५ पर्यंत वापरत होते.

का नाही याचं उत्तर तुमच्या बागेतच आहे. सांगली भागात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि सातनंतर मावळतो, डिसेंबरात सातच्या थोडा अलीकडं उगवतो आणि सहानंतर मावळतो. दिवस लहान-मोठा होतो तो दोन तासांच्या आसपासच. लंडनला जूनमध्ये रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चार वाजायच्या आत. त्यांना वाचवायला उजेड आहे म्हणून ते काटा फिरवतात, आपण फिरवून काय वाचणार, एक कप चहा.

प्रश्न: मी मिरजेत घरूनच अमेरिकन क्लायंटचं काम करतो. त्यांची रोजची मीटिंग तिथल्या सकाळी ९ ची, न्यूयॉर्कची वेळ. आत्ता ती आपल्या संध्याकाळी साडेसहाला असते, साडेसातला मी मोकळा, मग अडीच वर्षांच्या मुलीला जेवू घालणं आणि साडेआठला झोपवणं माझ्याकडं. नोव्हेंबरपासून तीच मीटिंग साडेसात ते साडेआठ होते. गेल्या हिवाळ्यात ती दाराबाहेर बसून "बाबा ये" म्हणत राहायची आणि दहा वाजेपर्यंत झोपायची नाही. बायको म्हणते घड्याळ अमेरिकेचं बदललं आणि तंटा आपल्या घरात.

उत्तर: बायकोचं वाक्य आवडलं. दादा, मुलीची झोप साडेनऊवर ढकलू नका, एवढं पहिलं. तुम्हाला सोयीचं आहे, पण सकाळी तिला उठवायला लागणार आणि मार्चमध्ये तुमची मीटिंग परत साडेसहाला आली की सगळं उलटं फिरवायचं. तिचं घड्याळ मिरजेचं आहे, ते मिरजेचंच राहू दे.

तुमची गोष्ट तेवढी अलीकडं घ्या. पावणेसातला जेवण, सातला पुस्तक, तुमच्या मांडीवर, आणि सातवीसला तुम्ही कामाला गेलात हे तिला दिसलं पाहिजे. मोठा घोळ तिथं होतो. आपण पोराची नजर चुकवून हळूच खोलीत सटकतो आणि दार लावतो, तिला तुमचा आवाज आतनं येत राहतो, मग ती दाराशी बसणारच की. त्यापेक्षा चप्पल घाला, टाटा करा, मुख्य दारानं बाहेर जा आणि शक्य असेल तर मागच्या दारानं किंवा जिन्यानं खोलीत या. हसू नका, माझ्या शेजाऱ्यांनी हे केलंय, पोरगी दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी आईजवळ झोपली. फ्लॅट असेल आणि मागचं दार नसेल तर हेडफोन लावा आणि हळू बोला, क्लायंटला सांगा घरात लहान मूल आहे, त्यांच्या घरात पण असतात. आणि सकाळ तुमची करा, आंघोळ तुम्ही घाला, मंडईत खांद्यावर घेऊन जा. १ नोव्हेंबरच्या रविवारी अमेरिकेचं घड्याळ तासभर मागं जातं, सोमवारी २ तारखेला पहिल्यांदा मीटिंग सरकेल, त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी, मीटिंग नसते तेव्हाच, नवा क्रम सुरू करा, आयत्या वेळी नको.

प्रश्न: शेवटचं पत्र सांगलीच्या गावभागातल्या एका आजींचं, वहीच्या कागदावर, सुंदर अक्षरात. थोडक्यात असं: लेक न्यू जर्सीत, नातू दोन वर्षांचा. रोज त्याच्या झोपायच्या अर्धा तास आधी व्हिडिओ कॉल, आजी "अडगुलं मडगुलं" म्हणतात, तो ऐकून झोपतो. हिवाळ्यात इथले सकाळचे सहा. मार्चमध्ये लेक म्हणाली आई आता सहाला कॉल करू नकोस, तो झोपलेला असतो, पाचला कर नाहीतर राहू दे. "राहू दे म्हणाली ते मनाला लागलं. मी पाचला उठते, पण आता नोव्हेंबरात परत बदलणार म्हणते, नक्की किती वाजता फोन करू, आणि मी फोन केल्यानं त्याची झोप मोडते का, खरं सांगा."

उत्तर: आजी, लेकीचं "राहू दे" मनावर घेऊ नका. तिनं ते तुम्हाला पहाटे पाचला उठवायचं जिवावर आलं म्हणून म्हटलं असणार. तिथं आठला त्याला झोपवायचं असतं, काटा पुढं गेला की तुमचे सहा म्हणजे त्यांचे साडेआठ, तेव्हा तो खरंच झोपलेला असतो. आणि झोप मोडायचं म्हणाल तर उलट आहे, रोज त्याच वेळेला तुमचा चेहरा आणि अडगुलं मडगुलं आलं की त्याला कळतं आता पांघरूण. फक्त लेकीला सांगा स्क्रीनचा उजेड कमी करून फोन जरा लांब धरायचा, आणि तुम्ही त्या वेळेला नवीन खेळणी दाखवू नका, तो उठून बसेल.

आणि एक काम तुम्हीच करू शकता, लेकीला पण जमणार नाही. तुमचं घड्याळ बदलत नाही ना, मग त्याला हळूहळू सरकवायचं तुम्ही. आत्ता पाचला करताय, गुरुवारी २९ ऑक्टोबरला सव्वापाचला करा, शुक्रवारी साडेपाच, शनिवारी पावणेसहा, रविवारी १ नोव्हेंबरला सहा. लेकीनं त्याला तुमचा फोन झाल्यावर अर्ध्या तासानं झोपवायचं, बाकी घड्याळाकडं बघायचंच नाही. त्या रविवारी तिकडं रात्री दोनला काटा मागं जातो आणि सोमवारपासून तुमचे सहा म्हणजे त्यांचे बरोबर साडेसात, तो आपोआप जागेवर आलेला असेल. मग मार्चपर्यंत रोज सहा. हे कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवा, लक्ष्मीपूजन त्याच्या पुढच्या रविवारी आहे, फराळाच्या गडबडीत विसरायला होतं.

अजून एक. तुमचा रविवारी सकाळी सहाचा फोन म्हणजे तिथं ३१ ऑक्टोबरची रात्र असणार, त्या दिवशी तिकडं सगळी पोरं भुतं, चेटकिणी, नाहीतर भोपळा बनून दारोदार चॉकलेट मागत फिरतात. नातू तोंडाला काळं-पांढरं फासून समोर आला तर चष्मा लावून बघा, दचकू नका.